कोणतं प्रोबायोटिक घ्यावं, आणि ते लागू पडलं हे कळणार कसं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३४, शाळेत शिक्षिका, रोज एसटीने पाऊण तासाचा प्रवास. तीन वर्षांपूर्वी एका लग्नातल्या जेवणानंतर जुलाब-उलट्या झाल्या, सलाइन लावावं लागलं, आणि तेव्हापासून पोट पूर्ववत झालंच नाही. सकाळी निघेपर्यंत तीन-चार वेळा जावं लागतं. बेंबीखाली कळ येते, जाऊन आल्यावर थोडा वेळ बरं वाटतं. मधूनच आव पडते, संध्याकाळी पोट फुगतं. कोलोनोस्कोपी नॉर्मल आली, डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्यांत दोष न सापडताही सतत बिघडलेलं राहणारं पोट) सांगितलं. दोन वर्षांत कुपीतलं, कॅप्सूलचं आणि पावडरचं अशी तीन प्रोबायोटिक्स, म्हणजे पोटाला उपयोगी मानलेल्या जिवंत जंतूंची औषधं, झाली. शिवाय इसबगोल, बेलाचा मुरंबा, कुड्याच्या सालीच्या गोळ्या, कोरफडीचा रस, आणि चार महिन्यांपासून गहू बंद. ‘प्रत्येकाने आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच,’ असं तुम्ही लिहिलंय. आता विचारताय की यापुढे कोणतं प्रोबायोटिक घेऊ, किती दिवस, घरचं दही पुरेल का, आणि हे आयुष्यभर असंच राहणार का.

मी बावीस वर्षं पोटाच्याच विकारांचं काम करतो. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला ते आठ-दहा दिवसांचंच वाटलं. आयबीएस भरती-ओहोटीसारखा असतो. दोन आठवडे वाईट, मग थोडे बरे, मग पुन्हा वाईट. माणूस नवं औषध कधी सुरू करतो? अगदी असह्य झालं की. म्हणजे लाट सगळ्यात वर असताना. तिथून ती आपोआप उतरणारच असते. त्यामुळे त्या दिवशी जे घेतलं त्याला श्रेय मिळतं, आणि पुढची लाट आली की तेच औषध ‘लागू पडेनासं झालं’ म्हणून सुटतं. तुमच्याकडे आठ उपाय झाले आणि आठही उपायांबद्दल आज तुम्हाला खात्रीने काहीच सांगता येत नाही. नववा उपाय सुचवण्याआधी मला ही गाठ सोडवायची आहे.

दुसरीही एक गोष्ट यात मिसळते. आयबीएसच्या चाचण्यांमध्ये नुसत्या साखरेच्या गोळीनेही साधारण दहातल्या तीन-चार जणांना बरं वाटतं. २०१० साली हार्वर्डच्या संशोधकांनी ८० रुग्णांवर एक प्रयोग केला. अर्ध्यांना स्पष्ट सांगून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना काहीच दिलं नाही. तीन आठवड्यांनी गोळीवाल्यांपैकी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम होता, इतरांपैकी ३५ टक्क्यांना. हा आराम खोटा नसतो, हे मी मुद्दाम सांगतो. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोपांची ये-जा चालू असते आणि काळजी घेतली जातेय ही जाणीवही त्या निरोपांत असते. पण महिन्याला हजार-दीड हजाराची कॅप्सूल घ्यायची तर तो आराम तिच्यातल्या जंतूंमुळे आहे की नाही, हे कळायला हवं.

पुढे जाण्याआधी निदानाबद्दल. तुम्ही सांगितलेलं चित्र आयबीएसशी चांगलं जुळतं. आयबीएस ओळखण्यासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६च्या रोम निकषांनुसार त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत आणि गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी असावी. ती दुखणी शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मळाचं रूप बदलण्याशी जोडलेली असावीत, यातल्या किमान दोन गोष्टींशी. तुमच्या त्या आहेत. तरी वजन आपोआप उतरत असेल, रक्त पडत असेल, बारीक ताप असेल, झोपेतून उठून जावं लागत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही.

कोलोनोस्कोपी झाली तरी दोन-तीन साध्या चाचण्या राहून जातात. थायरॉइड पाहिलंय का? विष्ठेतलं कॅल्प्रोटेक्टिन पाहिलंय का? त्यावरून आतड्याला सूज आहे की नाही याचा अंदाज येतो. आणि सीलिअॅक आजाराची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याचं अस्तर बिघडण्याच्या आजाराची, रक्ततपासणी (टीटीजी)? इथे एक अडचण आहे. ती तपासणी गहू खात असतानाच खरी ठरते. तुम्ही चार महिने गहू सोडलाय, म्हणजे आज केली तर आजार असूनही नॉर्मल येऊ शकते. गहू सोडण्याआधी झाली नसेल, तर डॉक्टरांशी बोलून काही आठवडे रोज पोळी खाऊन मगच करा. पित्ताशय काढलेलं असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. दोन्हींमुळे नेमका असाच त्रास होतो आणि तो वेगळ्या पद्धतीने सुटतो.

आवेबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण यात लोकांचं फार नुकसान झालेलं पाहिलंय. आव पडली की ‘अमिबा आहे’ असं ठरवून मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोलचा कोर्स होतो. दोन महिन्यांनी पुन्हा पडली की पुन्हा कोर्स. असे दहा-दहा कोर्स झालेली माणसं माझ्याकडे येतात. आयबीएसमध्ये आव पडणं नेहमीचं आहे. आतड्याच्या अस्तराचा तो स्राव आहे, रोज थोडा तयार होतोच. मलतपासणीत काही दिसल्याशिवाय हे कोर्स पुन्हा पुन्हा घेऊ नका.

आता वही, म्हणजे ती मघाची गाठ सोडवण्याचं साधन. दोन आठवडे नवीन काहीही सुरू करू नका आणि पोटासाठी चालू असलेले सगळे उपाय थांबवा. थायरॉइड, रक्तदाब वगैरेंची औषधं अर्थातच चालू ठेवायची. रोज रात्री एकच ओळ लिहायची: किती वेळा गेले, मळ कसा होता, दुखणं शून्य ते दहात किती, फुगणं किती. मळाच्या रूपासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. १ म्हणजे लेंड्यांसारखा, ४ म्हणजे मऊ आणि एकसंध, ७ म्हणजे निव्वळ पाणी. शेवटी दोन शब्दांची टीप: पाळी, जागरण, परीक्षेचे पेपर, बाहेरचं जेवण. बायकांच्या वह्यांत पाळीच्या आसपासचे दोन-तीन दिवस वाईट असल्याचं फार वेळा दिसतं. ते ठाऊक नसलं की त्याचा दोष आदल्या रात्रीच्या आमटीवर जातो. खाल्लेला प्रत्येक घास मात्र लिहू नका. तसं केल्याने माणसं अन्नाला घाबरायला लागतात, आणि ती भीती नंतर काढणं अवघड जातं.

एका एसटी कंडक्टरची वही मला कायम आठवते. त्याला खात्री होती की दूध आणि डाळ त्याला बाधतात. दोन्ही सोडून वर्ष झालं होतं, फरक काही नव्हता. वहीत मुक्कामी ड्युटीचे दिवस सरळसरळ वेगळे दिसत होते. त्या दिवशी प्रत्येक स्टँडवर एक असा आठ-नऊ कप चहा, दुपारचं जेवण चुकलेलं आणि रात्री दहाला ढाब्यावर भरपेट. चहा तीन कपांवर आणला, डबा सुरू केला. महिन्याभरात पाच वेळांचं दोन वेळांवर आलं. दूध-डाळ परत सुरू झाली. हे सगळ्यांच्या बाबतीत होईल असं नाही, पण वही नसती तर त्याने पुढचं वर्ष कॅप्सूल बदलण्यात घालवलं असतं.

वहीनंतर प्रोबायोटिकचा मुख्य प्रश्न. ‘प्रोबायोटिक’ हा शब्द ‘औषध’ या शब्दाइतकाच मोठा आहे. डोकेदुखीवर कोणी ‘औषध घ्या’ एवढंच म्हणत नाही, कोणतं ते सांगतात. जंतूंचंही तसंच. जीनस, स्पीशीज आणि त्यापुढचा वाणाचा क्रमांक, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच एका वाणावरची चाचणी दुसऱ्या खोक्याला लागू होते. आपल्या शेतकऱ्यांना हे समजावायला लागत नाही. ज्वारी म्हटलं की ते लगेच विचारतात, कोणती? मालदांडी की हायब्रीड?

यातला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २००६ साली बायफिडोबॅक्टेरियम इन्फॅन्टिस ३५६२४ हा वाण ३६२ स्त्री-रुग्णांना तीन वेगवेगळ्या ताकदींत दिला. मधल्या ताकदीने, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये दहा कोटी जंतू, दुखणं आणि फुगणं कमी झालं. त्याच्या शंभर पटीने ताकदवान कॅप्सूलने काही झालं नाही, कारण ओलावा लागला की आतला ऐवज घट्ट गोळा होऊन बसत होता, जंतू मोकळेच होत नव्हते. म्हणून खोक्यावर ‘अब्ज’ किती लिहिलेत त्यावर जाऊ नका. दुसरं उदाहरण लॅक्टोबॅसिलस प्लांटारम २९९व्हीचं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या २१४ रुग्णांवरच्या चाचणीत चार आठवड्यांत दुखणं आणि फुगणं दोन्ही उतरलं. दोन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ८१ रुग्णांवर तोच वाण औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

त्यामुळे तज्ज्ञांच्या संस्थाही एकमताच्या नाहीत. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की आयबीएससाठी प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चौकटीत द्यावं. ब्रिटनमधल्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की काही जणांना उपयोग होऊ शकतो, बारा आठवड्यांपर्यंत घेऊन पाहावं आणि फरक नसेल तर बंद करावं. मी स्वतः ब्रिटिशांच्या बाजूला झुकतो. एरवी निरोगी माणसाला धोका फार थोडा असतो, आणि माझ्या अंदाजाने चार-पाच जणांत एखाद्याला स्पष्ट फरक पडताना पाहिलाय. पण मुदत ठरलेली हवी, हे मात्र मी कोणासाठीही सोडत नाही.

तुम्ही घेतलेल्या तिन्हींबद्दल: कुपीतले बॅसिलस क्लॉसीचे बीजाणू आणि कॅप्सूलमधलं सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट यांचा मुख्य वापर जुलाबांत आणि अँटिबायोटिकमुळे बिघडलेल्या पोटासाठी आहे. बुलार्डीची मूळ गोष्टही जुलाबाचीच. १९२०च्या दशकात आंरी बुलार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात कॉलऱ्याच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पिताना दिसले, त्यातून त्याने हे यीस्ट वेगळं काढलं. तीन वर्षं मुरलेल्या आयबीएसवर त्यातून मोठी अपेक्षा धरू नये. पावडरीच्या पाकिटामागे ‘एफओएस’ किंवा ‘इन्युलिन’ लिहिलंय का पाहा. ते जंतूंचं खाद्य म्हणून घातलेलं असतं आणि आतड्यात आंबून गॅस करतं. ज्यांचं मुख्य दुखणं फुगण्याचं आहे त्यांना ही पाकिटं उलटी पडलेली मी बघितली आहेत. तुमचं संध्याकाळचं फुगणं पावडरीच्या काळात वाढलं होतं का, आठवून पाहा.

पुन्हा घ्यायचंच असेल तर असं करा. एकच वाण, ज्याच्या खोक्यावर वाणाचा क्रमांक छापलाय असा, आणि आयबीएसवर तपासलेला. फ्रिजमध्ये ठेवायचं लिहिलं असेल तर मेडिकलवाल्याने तसं ठेवलंय का ते बघून घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात हा प्रश्न क्षुल्लक नाही. सुरू करण्याआधी वहीत लिहा: ‘दुखण्याचा सरासरी आकडा सहा आहे, तो चारवर आला तर उपयोग झाला.’ पहिला आठवडा गॅस थोडा वाढू शकतो. चार आठवड्यांनी काहीच हललं नसेल तर सोडा, थोडं हललं असेल तर बारा आठवडे पूर्ण करा. आणि मग, बरं वाटत असलं तरी, थांबवा. ही पायरी सगळे टाळतात. बाहेरून आलेले हे जंतू आतड्यात कायमचे राहत नाहीत, थोड्याच दिवसांत निघून जातात. थांबवल्यावर महिनाभर तसंच बरं राहिलं तर त्याची गरज नव्हती. त्रास परतला आणि पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा उतरला, तर ते तुमचं औषध, खुशाल घ्या. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नये.

दही. जिवंत जंतू पुरेशा संख्येने आणि फायदा सिद्ध झालेले असले तरच त्याला प्रोबायोटिक म्हणायचं, ही व्याख्या घेतली तर घरचं दही त्यात बसत नाही, कारण आपल्या विरजणात कोणते वाण आहेत हे कोणालाच ठाऊक नसतं. शेजारणीकडून विरजण आणलं की दही बदलतं, पावसाळ्यात बदलतं. पण म्हणून ते सोडू नका. दुधातली साखर विरजताना कमी होते आणि दह्यातले जंतू उरलेली पचवायलाही मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही-ताक सोसतं. दुपारच्या जेवणात जिरेपूड घातलेलं वाटीभर ताक प्या. ते अन्न म्हणून प्या, वहीत औषधाच्या रकान्यात लिहू नका.

बाकीचे उपाय थोडक्यात. इसबगोल मी परत सुरू करायला सांगेन, आणि तुम्ही तो बद्धकोष्ठाचा म्हणून सोडला असाल तर तो गैरसमज आहे. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे पातळ मळही बांधला जातो. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर तपासला तेव्हा रोज १० ग्रॅम इसबगोलाने फरक पडला, गव्हाच्या कोंड्याने नाही. फक्त एकदम दोन चमचे घेऊन फुगवून घेऊ नका. एक लहान चमचा, भरपूर पाण्यात, लगेच पिऊन टाकायचा, दर आठवड्याला थोडा वाढवायचा. कोरफडीचा रस बंद. तिच्या सालीलगतच्या चिकात रेचक असतं, तुम्हाला ते नकोच. कुड्याची साल जुलाब बांधते हे आपल्या घराघरांत माहीत आहे आणि त्यात तथ्य आहे, पण ती वैद्यांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या दिवसांपुरती. मुरंब्यात बेलापेक्षा साखर जास्त जाते. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल कळ येण्यावर चांगल्या आहेत, आवरण आतड्यात विरघळणारं हवं, नाहीतर छातीत जळजळतं.

गव्हाचं काय? गव्हाने त्रास होतो असं वाटणाऱ्या पुष्कळांना ग्लूटेनपेक्षा त्यातली फ्रुक्टान नावाची साखर बाधते. तीच कांद्यात आणि लसणात आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने अशा आंबणाऱ्या साखरा टाळण्याचा आहार तयार केलाय, फॉडमॅप या नावाने तुम्ही वाचला असेल. चातुर्मासात पोट बरं असतं असं सांगणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात, त्यामागे बहुधा कांदा-लसूण बंद असणं हेच असावं. तुम्ही नुसती पोळी सोडलीत आणि वाटणात कांदा-लसूण तसाच राहिला असेल, तर प्रयोग अर्धाच झाला. टीटीजीचा निकाल लागल्यावर तो आहारतज्ज्ञाच्या मदतीने पूर्ण करा: चार आठवडे ज्वारीची भाकरी, भात, मुगाचं बेतानं वरण, हिंगाची फोडणी. लसणाचा वास हवाच असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका, फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. पण चार आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणायचाच. वर्षानुवर्षं ताट आक्रसत नेणं हे मला आजाराइतकंच वाईट वाटतं.

एवढं करूनही तीन महिन्यांत हवं तसं जमलं नाही, तर अॅमिट्रिप्टिलीनबद्दल डॉक्टरांशी बोला. नाव ऐकून ‘हे तर मानसिक आजाराचं’ असं म्हणून चिठ्ठी फाडणारे लोक आहेत. रात्री १० मिलिग्रॅम इतक्या छोट्या मात्रेत ते आतड्याच्या दुखण्याच्या तारा सैल करतं आणि हालचाल मंदावतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ४६३ रुग्णांच्या चाचणीत ते औषध नसलेल्या गोळीपेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी सांगायला हवं.

आणि एसटी. सकाळी उठणं, चहा, नाश्ता या तिन्हींनी मोठं आतडं आकुंचन पावतं, तुमचं जरा जास्तच. निघायच्या वीस मिनिटं आधी नाश्ता होत असेल तर कळ नेमकी स्टँडवर येणार. तो तासभर आधी घ्या, चहा अर्धा कप. फार महत्त्वाच्या प्रवासाच्या दिवशी जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची २ मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून पर्समध्ये ठेवा, ताप किंवा रक्त असताना मात्र घ्यायची नाही. कित्येकांना ती जवळ असल्यानेच घ्यावी लागत नाही.

शेवटचा प्रश्न, हे आयुष्यभर राहणार का. तुमचा आयबीएस एका जंतुसंसर्गानंतर सुरू झालाय, आणि या प्रकाराचा सगळ्यात चांगला हिशेब कॅनडातल्या वॉकरटन गावाकडे आहे. मे २०००मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात जंतू मिसळले आणि दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले. पुढे संशोधकांनी आठ वर्षं त्या लोकांचा माग ठेवला. दोन-तीन वर्षांनी त्या आजारी पडलेल्यांपैकी २८ टक्के लोकांना आयबीएस होता. आठ वर्षांनी तो १५ टक्क्यांवर आला होता. तुम्हाला आता तीन वर्षं होत आहेत.